फ्लोरिडाचा घरविमा आणि वीस टक्क्यांची अट

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात गेल्या काही वर्षांत लाखो घरमालकांच्या हाती एक पत्र पडले आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : तुमच्या घराचा विमा सध्या सरकारी मंडळाकडे आहे. अमुक एक खासगी कंपनी तो घ्यायला तयार आहे. तिचा अंदाजे हप्ता सरकारी हप्त्यापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त नाही, त्यामुळे सरकारी मंडळाकडे राहण्यास तुम्ही आता पात्र नाही. अनेकांनी त्या कंपनीचे नावही पूर्वी ऐकलेले नसते. कंपनी घरमालकाला निवडते, घरमालकाने कंपनी निवडलेली नसते.

ही सक्ती डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्यातून आली. राज्याच्या विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावून तो मंजूर झाला आणि गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी लगेच त्यावर सही केली. त्याआधीही सरकारी मंडळातून खासगी कंपन्यांकडे पॉलिसी जात होत्या, पण घरमालकाला ‘नको’ म्हणता येत होते. माझा आक्षेप या ‘नको’च्या काढून घेण्याला आहे. सरकारी विमा आटोक्यात ठेवावा, या हेतूला नाही. हा फरक आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे अशा विषयावर लिहिले की वाचक लगेच दोन रांगा करतात, एक सरकारवाल्यांची आणि एक बाजारवाल्यांची.

विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. उर्दूत आजही ‘बीमा’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘बीम’ आहे, म्हणजे भीती. वर्गात हे सांगितले की मुले हसतात. विम्याची जाहिरात तर हसऱ्या कुटुंबाची असते, भीती कुठून आली? पण शब्दाने खरे तेच सांगितले आहे. विमा म्हणजे आपली भीती पैसे देऊन दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे. तो खांदा किती मजबूत आहे, आणि तो निवडायचा हक्क कुणाचा, एवढेच मग विचारायचे उरते.

फ्लोरिडात ही भीती खरीखुरी आहे. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ धडकले. विमा कंपन्यांना सुमारे दीड हजार कोटी डॉलर मोजावे लागले. काही कंपन्या त्यात बुडाल्या. ज्या तगल्या त्यांनी हिशेब केला आणि राज्यातून काढता पाय घ्यायला सुरुवात केली. घरावर कर्ज असेल तर बँकेला विमा लागतोच, त्यामुळे विमा नाही म्हणजे कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणजे घरांची खरेदी-विक्रीच थांबली. तेव्हा राज्याने दोन गोष्टी केल्या. ज्यांना कुणीच विमा देत नाही त्यांच्यासाठी एक सामाईक कुंड काढले आणि १९९३ मध्ये कंपन्यांना स्वस्त पुनर्विमा देणारा आपत्ती निधी उभा केला. पुनर्विमा म्हणजे विमा कंपनीने स्वतःसाठी काढलेला विमा. हे नवे कुंड आणि किनाऱ्यावरच्या वादळी वाऱ्यासाठी आधीपासून असलेले कुंड २००२ मध्ये एकत्र झाले आणि ‘सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स कॉर्पोरेशन’ जन्माला आली.

सिटिझन्सला भागधारक नाहीत आणि नफा वाटायचा नाही. पण तूट आली तर ती भरायची कुणी? आजच्या नियमाप्रमाणे आधी सिटिझन्सच्याच पॉलिसीधारकांवर १५ टक्क्यांपर्यंत अधिभार बसतो. तेवढ्याने भागले नाही तर राज्यातल्या बहुतेक सगळ्या विमा पॉलिसींवर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत आकार लावता येतो. त्यात मोटारीचा विमाही येतो. म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणारा, जुनी गाडी चालवून कामावर जाणारा माणूससुद्धा समुद्रकाठच्या बंगल्याचे छप्पर भरून द्यायला हातभार लावतो. फ्लोरिडात याला ‘हरिकेन टॅक्स’ म्हणतात. ही नुसती कागदावरची भीती नव्हे. २००४ आणि २००५ या दोन वर्षांत राज्यावर एकामागून एक वादळे आली, चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन, जीन, मग विल्मा. त्या तुटीची वसुली लोकांच्या पॉलिसीवर २०१५ पर्यंत चालू होती.

म्हणून सिटिझन्स लहान राहावी, हे म्हणणारे सगळेच लबाड नाहीत. सरकारी हप्ता जोखमीपेक्षा स्वस्त ठेवायचा आणि फरक भाडेकरूंकडून वसूल करायचा, यात गरिबाचे हित कुठे आहे? २००७ मध्ये गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांच्या काळात विधिमंडळाने सिटिझन्सचे दर खाली आणले आणि तिला खासगी कंपन्यांशी स्पर्धा करायची मोकळीक दिली. लोक खूश झाले, साहजिकच होते. नशिबाने त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे मोठे वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागले नाही. लागले असते तर ती स्वस्ताई किती महाग पडली असती, याचा हिशेब कुणीही करू शकतो.

सिटिझन्सचे आकडे पाहिले तर एखादा झोपाळा दिसतो. २०१२ च्या सुमारास तिच्याकडे जवळपास १५ लाख पॉलिसी होत्या. २०१९ मध्ये त्या सव्वाचार लाखांच्या घरात आल्या. २०२३ च्या शरद ऋतूत पुन्हा १४ लाखांवर गेल्या. २०२४ संपताना दहा लाखांच्या खाली उतरल्या आणि पुढेही कमी होत राहिल्या. प्रत्येक वेळी खाली येताना राज्यकर्ते म्हणतात, बाजार सुधारला. वर जाताना कुणीच काही म्हणत नाही.

वर का जातात, ते पाहण्यासारखे आहे. २००६ मध्ये पो फायनान्शियल नावाच्या समूहाच्या तीन विमा कंपन्या वादळांच्या दाव्यांनी बुडाल्या. त्यांच्या तीन लाखांच्या आसपास पॉलिसी कुठे गेल्या? सिटिझन्सकडे. आणि या समूहाची वाढ झाली होती ती सरकारी कुंडातून उचललेल्या पॉलिसींच्या आधाराने. वर्ष बरे असताना घरे खासगीकडे, वादळ आले की तीच घरे पुन्हा सरकारकडे.

पॉलिसी उचलण्यासाठी कंपन्यांना पैसेही दिले गेले आहेत. २०१३ मध्ये सिटिझन्सच्या संचालक मंडळाने हेरिटेज नावाच्या, तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या कंपनीला ६० हजारांपर्यंत पॉलिसी घेण्यासाठी ५ कोटी २० लाख डॉलरपर्यंत देण्याचा करार मंजूर केला. त्यावर बरीच टीका झाली. त्याच वर्षी विधिमंडळाने ‘क्लिअरिंगहाउस’ नावाची व्यवस्था आणली. सिटिझन्सकडे नवा अर्ज आला की आधी तो खासगी कंपन्यांना दाखवायचा, कुणी घेत असेल तर सिटिझन्सने तो घ्यायचा नाही. तेव्हा ही अट १५ टक्क्यांची होती. पुढे ती वीस टक्क्यांवर गेली आणि २०२२ च्या कायद्याने जुन्या पॉलिसीधारकांनाही तिच्याखाली आणले.

२०२२ मध्ये हे सगळे एवढ्या घाईने का झाले, तेही सांगायला हवे. त्या वर्षी फ्लोरिडात अर्धा डझन विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक वादळ येण्याआधीच. कारण होते खटले. राज्याच्या विमा कार्यालयाच्याच आकड्यांनुसार देशातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी दावे फ्लोरिडात होत, पण खटले मात्र तीन चतुर्थांशांच्या आसपास. कंपनी हरली तर घरमालकाच्या वकिलाची फी तिने द्यायची, घरमालक हरला तर त्याने काही द्यायचे नाही, असा जुना नियम होता. छप्पर दुरुस्त करणारे कंत्राटदार दारोदार फिरून दाव्याचा हक्कच स्वतःच्या नावावर लिहून घेत. यातला बराच भाग उघड लूट होता, हे मान्य. मग २८ सप्टेंबर २०२२ रोजी ‘इयन’ वादळ आले. दीडशेच्या आसपास माणसे गेली आणि फोर्ट मायर्सचा किनारा उद्ध्वस्त झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये युनायटेड प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी ही आणखी एक कंपनी बुडाली.

डिसेंबरच्या कायद्याने वकिलाच्या फीचा तो एकतर्फी नियम रद्द केला, दावा दुसऱ्याच्या नावावर करून देणे बंद केले, आणि नुकसानीचा दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांवरून एका वर्षावर आणली. कंपनीने पैसे देण्या-नाकारण्याचा निर्णय घेण्याची मुदतही ९० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, हे एक घरमालकाच्या बाजूचे कलम. शिवाय राज्याच्या तिजोरीतून कंपन्यांना पुनर्विम्याची मदत ठेवली. कंपनीला कोर्टापासून संरक्षण मिळाले आणि पुनर्विम्यात सरकारचा आधार मिळाला. एवढे दिल्यावर कंपन्या परत येणारच, आणि त्या आल्याही. मग घरमालकाचा नकार काढून घेण्याची गरज काय होती? बाजार खरोखर चांगला झाला असेल तर लोक आपल्या पायांनी तिकडे जातील. बळजबरीने भरवलेल्या बाजाराला बाजार म्हणणे मला तरी जड जाते.

आता वीस टक्के म्हणजे काय, ते हिशेबाने पाहू. समजा सिटिझन्सचा हप्ता ४,००० डॉलर आहे. खासगी कंपनीने ४,८०० पर्यंत सांगितले तर तुम्ही तिकडे जायचे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याला वर्षाला ८०० डॉलर ही छोटी रक्कम नव्हे. पण त्याहून मोठी गोष्ट पुढच्या वर्षाची आहे. सिटिझन्सच्या दरवाढीला कायद्याने मर्यादा आहे. मुख्य राहत्या घरासाठी ती २०२४ मध्ये १३ टक्के, २०२५ मध्ये १४ आणि २०२६ मध्ये १५ टक्के. खासगी कंपनीला अशी ठरलेली मर्यादा नाही, तिने विमा कार्यालयाकडून दर मंजूर करून घ्यायचे असतात, बस्स. फरक पुन्हा वीस टक्क्यांपलीकडे गेला तर सिटिझन्सकडे परतण्याची वाट आहे, हे खरे. पण सत्तरीतल्या माणसाने दर वर्षी एजंटला गाठायचे, दोन हप्त्यांची तुलना करायची, घराच्या तपासणीचे कागद पुन्हा जमवायचे आणि मुदतीत अर्ज करायचा. कागदावर हक्क असणे आणि तो वापरता येणे यातले अंतर आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट निवडीची. कंपन्या सिटिझन्सच्या यादीतून घरे वेचून घेतात. छप्पर नवे, बांधकाम नव्या नियमांचे, समुद्रापासून थोडे दूर, अशी घरे आधी जातात. जुन्या छपराची, चाकांवरच्या घरांची, अगदी किनाऱ्यालगतची घरे मागे राहतात. दाणे उचलून टरफले सरकारकडे ठेवण्याचा हा प्रकार आहे. सिटिझन्सच्या बाजूने एवढे म्हणता येईल की एकूण ओझे कमी झाल्याने तुटीची शक्यताही कमी होते. मान्य. पण चांगल्या वर्षात ज्यांच्या हप्त्यातून शिल्लक साठली असती तीच घरे निघून जातात, हेही त्याच वहीत लिहावे लागेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. वीस टक्क्यांच्या अटीत फक्त किमतीची तुलना आहे, खांद्याची नाही. ज्या कंपनीकडे घरमालकाला पाठवायचे तिचे भांडवल किती, तिने पुनर्विमा किती घेतला आहे, मागच्या वादळात तिने किती दावे किती दिवसांत दिले, याचा पात्रतेच्या या तुलनेशी संबंध नाही. राज्याचे विमा कार्यालय कंपनीला पॉलिसी उचलण्याची मंजुरी देते, ती तपासणी होते. पण बुडालेल्या कंपन्याही परवाना असलेल्याच होत्या. फ्लोरिडातल्या अनेक लहान कंपन्यांना डेमोटेक नावाची संस्था दर्जा देते, आणि २०२२-२३ मध्ये बुडालेल्यांपैकी काहींकडे थोडे महिने आधीपर्यंत तिचा ‘ए’ दर्जा होता. कंपनी बुडाली की राज्याचा हमी निधी दावे भरतो. तीन लाख डॉलरपर्यंत, आणि घराच्या बांधकामासाठी आणखी दोन लाख. बऱ्याच घरांना ते पुरते. मायामीच्या आजच्या भावात पुन्हा घर बांधायला निघालेल्या सगळ्यांना पुरत नाही. आणि हमी निधीचा पैसा तरी कुठून येतो? इतर कंपन्यांवरच्या आकारणीतून, म्हणजे शेवटी लोकांच्या पॉलिसीतूनच.

यात एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. सिटिझन्समधून बाहेर काढलेला घरमालक तिच्या तुटीतून बाहेर पडत नाही. उद्या सिटिझन्सला मोठी तूट आली तर त्याच्या खासगी घरविम्यावर आणि मोटारीच्या विम्यावर आकार बसणारच. तो सभासद राहिला नाही, देणेकरी मात्र राहिला.

आपल्या घरांत विम्याचा विषय निघाला की चर्चा जायज-नाजायजवर जाते. ती चर्चा इथे थोडी उपयोगी पडते, म्हणून तिचा उल्लेख करतो. १९८५ मध्ये जिद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नामंजूर केला आणि परस्पर सहकार्यावर, ऐच्छिक देणगीच्या तत्त्वावर उभा असलेला विमा मान्य केला. तकाफुलची कल्पना त्यावरच उभी आहे. सिटिझन्स म्हणजे तकाफुल असे मी अजिबात म्हणत नाही. तिचा पैसा व्याजाच्या रोख्यांतच असतो आणि तिथली आकारणी ऐच्छिक तर नाहीच. पण त्या चर्चेत उलेमांनी धरलेला एक मुद्दा कामाचा आहे : जोखीम वाटून घेणे वेगळे आणि जोखीम विकणे वेगळे. वाटून घेणाऱ्याला हिशेब मागता येतो, आत राहायचे की नाही हे ठरवता येते. फ्लोरिडाच्या घरमालकाची स्थिती अशी की वाटून घेण्याचे ओझे त्याच्यावर राहिले आणि ठरवण्याचा हक्क गेला.

सिटिझन्सला मी डोक्यावर घेत नाही. तिच्याबद्दलच्या तक्रारी कमी नाहीत. अलीकडे तिने आपल्या पॉलिसीत अशी अट घातली आहे की दाव्याचा वाद कोर्टाऐवजी राज्याच्या प्रशासकीय सुनावणी विभागाकडे लवादासाठी नेता येतो, आणि त्यावर बरेच वादंग झाले. सरकारी पाटी लावली की खांदा आपोआप मऊ होतो, असे नाही. तरीही एक फरक उरतो. सिटिझन्स दिवाळखोरीत जाऊन नाहीशी होत नाही. तिच्या मागे आकारणीचा अधिकार आहे. ज्याचे आयुष्यभराचे सगळे घरातच गुंतले आहे, त्याला वीस टक्क्यांपेक्षा याचे मोल जास्त वाटू शकते. वाटू द्यावे, आणि हवे तर त्यासाठी जास्त हप्ता घ्यावा. सिटिझन्सचा दर खऱ्या जोखमीच्या जवळ नेऊन ठेवला आणि राहायचे की जायचे हे घरमालकावर सोडले, तर भाडेकरूवरचा अन्यायही कमी होतो आणि नकारही शाबूत राहतो. मर्यादित उत्पन्नाच्या घरमालकांसाठी वेगळी, उघड दिसणारी मदत ठेवता येते. छपरे मजबूत करण्यासाठी राज्य अनुदान देतेच, ‘माय सेफ फ्लोरिडा होम’ या योजनेतून. वादळात टिकणारे छप्पर ही कुठल्याही विमा कायद्यापेक्षा खात्रीची गोष्ट आहे.

आपण हे वाचावे तरी का, असे कुणी विचारेल. भारतात १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १०७ कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. त्यातली न्यू इंडिया मुंबईतलीच. २०२१ मध्ये कायदा बदलून या कंपन्यांत सरकारचा हिस्सा ५१ टक्के ठेवण्याचे बंधन काढून टाकले गेले. घराचा विमा आपल्याकडे अजून दुर्मीळ आहे. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आले, आखातात राबून बांधलेल्या घरांचे पत्रे आणि कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, तेव्हा लोक तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहत बसले, विमा कंपनीची नव्हे. उद्या किनारपट्टीसाठी घरविम्याची योजना आलीच, तर पॉलिसीधारकाला न विचारता त्याची पॉलिसी एका हातातून दुसऱ्या हातात देता येईल का, हे कलम आधी वाचावे लागेल.

फ्लोरिडात बदल करायचा तर सुरुवात त्या पत्रापासून करता येईल. हप्त्यांची तुलना त्यात असतेच. शेजारी आणखी तीन ओळी हव्यात : ही कंपनी किती वर्षे या राज्यात आहे, मागच्या मोठ्या वादळात तिने किती दावे नाकारले, आणि ती बुडाली तर हमी निधी तुमच्या घरासाठी जास्तीत जास्त किती देईल. खाली सहीसाठी दोन चौकटी, ‘जातो’ आणि ‘राहतो’. आज ‘राहतो’ची चौकट फक्त त्यांनाच मिळते ज्यांना वीस टक्क्यांपेक्षा महाग प्रस्ताव आला आहे.

दुय्यम घरांसाठी दार आणखी रुंद झाले आहे. २०२४ च्या कायद्याने, जे मालकाचे मुख्य राहते घर नाही त्याची पॉलिसी राज्याच्या दरनियंत्रणाबाहेरच्या कंपन्यांनाही उचलता येते. या कंपन्यांना हमी निधीचे छत्र नाही. सुट्टीच्या बंगल्याच्या मालकाची मला फार काळजी वाटत नाही, पण उघडलेले दार विधिमंडळ सहसा बंद करत नाही. आणि सिटिझन्समध्ये जे उरतील त्यांच्यावर २०२२ च्या त्याच कायद्याचे आणखी एक कलम आहे, पुराचा वेगळा विमा काढण्याचे. घरविम्यात पुराचे पाणी धरत नाहीत, सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ वादळाच्या लाटा टँपाच्या किनाऱ्यावरच्या घरांत शिरल्या तेव्हा हे पुन्हा दिसले. ही सक्ती आधी पूरधोक्याच्या पट्ट्यात आली, मग घराच्या किमतीनुसार टप्प्याटप्प्याने, २०२४ मध्ये सहा लाख डॉलर आणि त्यावरची घरे, २०२५ मध्ये पाच लाख, २०२६ मध्ये चार लाख. १ जानेवारी २०२७ पासून काही अपवाद वगळता ती किमतीची पायरी न पाहता सगळ्यांना लागू होते. सर्वांत स्वस्त घरांचा नंबर शेवटी ठेवला, एवढी सवलत त्यांना मिळाली.